सीईटी, कॅप आणि सरकारी इंजिनीअरिंगचा प्रवेश: नेमके काय तपासले जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब बीड जिल्ह्यातले. मुलीची दहावी बीडला, अकरावी-बारावी लातूरला. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात ९३ पर्सेंटाइल, बारावीला ७८ टक्के, प्रवर्ग ओबीसी, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. सरकारी विद्यापीठे आणि सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजे मुलांची निवड कशी करतात? बारावीचे गुण आणि खेळाची प्रमाणपत्रे धरतात का? आणि ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या अर्जात, पुण्याचे सीओईपी पहिल्या क्रमांकावर लिहिले तर खालची कॉलेजे हातची जातात का?

आधी थेट उत्तर. पुण्याची सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी असो, माटुंग्याची व्हीजेटीआय असो, लोणेरेचे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असो की अमरावती-कराडची शासकीय महाविद्यालये, यांपैकी कोणीही बी.टेक.च्या पहिल्या वर्षासाठी मुलाखत घेत नाही, निबंध मागत नाही, शाळेचे शिफारसपत्र पाहत नाही. खेळाचे, स्काउटचे, ऑलिम्पियाडचे प्रमाणपत्र गुणवत्ता क्रमांकात मोजले जात नाही. निवड राज्याचा सीईटी कक्ष केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून करतो. २०१५ च्या प्रवेश व शुल्क विनियमन कायद्यानंतर हा कक्ष उभा राहिला आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजांच्या कॅपच्या जागाही त्याच यादीतून भरल्या जातात. कॉलेजकडे येते ती निवड झालेल्यांची तयार यादी. म्हणून कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटणे, ओळख काढणे यात वेळ घालवू नका. तो वेळ कागदपत्रांना द्या, कारण गुण चांगले असूनही मुले जागा गमावतात ती बहुतेक वेळा कागद आणि फॉर्म यांच्यामुळे.

बारावीचे गुण लागतात, पण दाराशी. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय अनिवार्य, तिसरा रसायनशास्त्र किंवा नियमावलीत दिलेल्या विषयांपैकी एक. या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातील मागास प्रवर्गाला ४० टक्के. त्याच्या वर ७८ असोत की ९५, गुणवत्ता क्रमांकात फरक पडत नाही. त्याबरोबर सीईटीचा गुणांक शून्यापेक्षा जास्त हवा. बारावीचे गुण पुन्हा उपयोगी पडतात ते बरोबरी झाली तर. दोघांचे एकूण पर्सेंटाइल सारखे असेल तर आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहतात, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे. तिथेही बरोबरी राहिली तर बारावीचे आणि नंतर दहावीचे गुण. पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत काढतात, तरी बरोबरी होतेच, विशेषतः एकाच सत्रात बसलेल्या मुलांमध्ये.

पर्सेंटाइलबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण पुढचे सगळे आडाखे इथून चुकतात. पीसीएमची परीक्षा २०० गुणांची. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून कच्चे गुण थेट एकमेकांशी ताडता येत नाहीत. तुमच्या मुलीच्या सत्रात जितक्यांनी परीक्षा दिली, त्यांतल्या किती जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण आहेत, याचे शंभरात प्रमाण म्हणजे तिचे पर्सेंटाइल. सत्रात २०,००० मुले असतील आणि १८,६०० जण तिच्याइतक्या किंवा त्याखालच्या गुणांवर असतील, तर ९३. एकूण पर्सेंटाइल हे तिन्ही विषयांच्या एकूण कच्च्या गुणांवरून काढतात. विषयवार तीन पर्सेंटाइलची सरासरी काढून 'आमचे एकूण कमी लावले' अशी तक्रार दरवर्षी अनेक पालक करतात. ती सरासरी जुळणारच नाही, कारण हिशेबच तसा होत नाही.

पर्सेंटाइलवर कॉलेज ठरत नाही. मेरिट नंबरवर, म्हणजे राज्य गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर ठरते. समजा पीसीएमला चार लाख मुले बसली, तर ९३ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण २८,००० जण आहेत. तीन लाखच बसली असती तर त्याच ९३ च्या पुढे २१,००० असते. परीक्षार्थी वाढले की तेच पर्सेंटाइल पूर्वीइतके पुढे नेत नाही. 'गेल्या वर्षी ९३ वर अमुक कॉलेज मिळाले होते' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. मिळाले तेव्हा मेरिट नंबर किती होता, हे विचारा. दुसरीकडे, परीक्षा देणारे सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत. काही आयआयटी-एनआयटीकडे जातात, काही खासगी विद्यापीठांत, काही बी.एस्सी.ला. त्यामुळे राज्य गुणवत्ता यादीतला तिचा प्रत्यक्ष क्रमांक वरच्या हिशेबापेक्षा थोडा पुढचा येईल. तो यादी लागल्यावरच कळेल, आणि आडाखे त्यानंतरच पक्के करायचे. जेईई मेन दिली असेल तर तो गुणांकही अर्जात भरा. अखिल भारतीय जागांसाठी त्यावरून वेगळी यादी लागते. एक परीक्षा दिली म्हणून दुसरीचा हक्क जात नाही.

आता तुमच्या बाबतीतला सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुधा तुमच्या लक्षात न आलेला मुद्दा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण आणि जन्म किंवा अधिवास महाराष्ट्रातला, अशा उमेदवाराला 'टाइप ए' म्हणतात. टाइप ए उमेदवाराचे होम युनिव्हर्सिटी म्हणजे स्वगृह विद्यापीठ हे बारावी जिथून उत्तीर्ण केली त्या ठिकाणावरून ठरते, घराच्या पत्त्यावरून नाही. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. लातूर मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येते; त्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे. तेव्हा कॅपच्या हिशेबात तुमची मुलगी नांदेड विद्यापीठाची. लातूर-नांदेडच्या कॉलेजांत ती स्वगृह विद्यापीठाची उमेदवार, आणि संभाजीनगर, बीड, पुणे इथे बाहेरची. लातूर पॅटर्नसाठी शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या हजारो मुलांना हा नियम लागू होतो, आणि त्यांतले कितीतरी जण कटऑफ, म्हणजे जागा मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचा मेरिट नंबर, चुकीच्या रकान्यात बघतात.

फरक किती पडतो? जिथे हा नियम लागू आहे तिथे कॅपच्या ७० टक्के जागा स्वगृह विद्यापीठाच्या उमेदवारांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. पुण्यात सबंध राज्यातून मुले येऊ पाहतात, त्यामुळे तिथल्या त्या ३० टक्क्यांवर चुरस फार. उलट, अनेक शासकीय आणि अनुदानित स्वायत्त संस्थांत, सीओईपी आणि व्हीजेटीआय धरून, हे विद्यापीठनिहाय विभाजन नाही. तिथल्या जागा राज्यस्तरीय आहेत आणि सबंध महाराष्ट्र एकाच रांगेत उभा असतो. कोणत्या कॉलेजला काय लागू आहे हे कटऑफच्या पीडीएफमधल्या जागेच्या संकेतावरून सरळ कळते.

हा संकेत वाचायला शिका. त्यात तीन भाग असतात. पहिले अक्षर जी किंवा एल: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के जागा मुलींच्या. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, एससी, एसटी, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) वगैरे. शेवटचे अक्षर एस, एच किंवा ओ: राज्यस्तर, स्वगृह विद्यापीठ, बाहेरचे विद्यापीठ. म्हणजे 'एलओबीसीएच' ही स्वगृह विद्यापीठातील ओबीसी मुलींसाठीची जागा. तुमच्या मुलीने लातूर-नांदेडच्या कॉलेजसाठी एलओबीसीएच, जीओबीसीएच, एलओपनएच आणि जीओपनएच हे चारही रकाने पाहायचे. पुण्याच्या खासगी कॉलेजसाठी तेच चार, शेवटी ओ असलेले. राज्यस्तरीय संस्थेसाठी शेवटी एस असलेले. चारही जागांवर तिचा हक्क आहे, आणि चारपैकी ज्याचा शेवटचा मेरिट नंबर सर्वांत मागचा, तो तिच्यासाठी खरा कटऑफ. ओबीसी उमेदवाराला खुल्या जागेवर घेत नाहीत हा समज चुकीचा आहे. गुणवत्तेवर खुली जागा मिळत असेल तर ती आधी दिली जाते, नाही तर प्रवर्गाची पाहिली जाते.

कटऑफच्या प्रत्येक चौकोनात वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असते. डावीकडे 'स्टेज' लिहिलेले असते. पहिल्या स्टेजचे आकडे त्या प्रवर्गातल्या खऱ्या चुरशीचे. पुढच्या स्टेजचे आकडे मूळ उमेदवार न मिळाल्याने दुसऱ्यांकडे वळवलेल्या जागांचे असतात आणि ते कधीकधी फार मागे गेलेले दिसतात. त्यांच्यावर भरवसा ठेवून फॉर्म भरला की निराशा ठरलेली, कारण तशी जागा यंदा शिल्लक राहीलच असे नाही. तसेच ६० जागांच्या शाखेत भटक्या जमाती (ब) साठी अडीच टक्के म्हणजे एखाद-दुसरी जागा निघते. त्या रकान्यातला कटऑफ म्हणजे त्या वर्षी एकाच मुलाने काय पसंत केले याची नोंद, त्यावरून कल काढू नये. ओबीसींच्या १९ टक्क्यांत आकडा बराच स्थिर राहतो, त्यामुळे तुमच्यासाठी गेल्या दोन वर्षांचे कटऑफ बऱ्यापैकी विश्वासार्ह आहेत. मात्र पहिल्या फेरीचा कटऑफ आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. दोन्ही शेजारी ठेवा.

ओबीसीचा दावा टिकण्यासाठी तीन कागद लागतात: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. यांतला नॉन-क्रिमीलेअर सगळ्यांत जास्त मुलांना अडचणीत आणतो. तो ज्या शैक्षणिक वर्षाचा प्रवेश आहे त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६. तीन वर्षांपूर्वी काढलेला, प्रवेशाच्या आधीच मुदत संपलेला दाखला घेऊन आलेले पालक दर उन्हाळ्यात दिसतात. दुसरी चूक नमुन्याची: जेईईसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला काढलेला असतो आणि तोच इथे जोडला जातो. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना लागतो. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्याचेही तसेच. सेतू केंद्रात अर्ज करतानाच कोणता नमुना हवा हे स्पष्ट सांगा, आणि दाखला हातात आल्यावर तिथेच उभे राहून नाव, वडिलांचे नाव, जात आणि मुदत वाचा. एससी आणि एसटीला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, ओबीसी आणि एसईबीसी या सर्वांना लागतो.

जात वैधता हे महिन्यांचे काम आहे, दिवसांचे नाही. अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे, कॉलेजच्या पत्रासह, आणि तो अकरावीतच झालेला बरा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली नोंद, महसुली कागद. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी हा दिनांक २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाकडे आधीच वैधता असेल तर ती आणि वंशावळीचे शपथपत्र जोडा, काम बरेच हलके होते. अर्ज करूनही निर्णय आला नसेल तर अर्जाची पावती जोडून भाग घेता येतो का, आणि मूळ प्रमाणपत्राला किती मुदत, हे त्या-त्या वर्षी शासन ठरवते. मुदतवाढ मिळेल या आशेवर बसू नका. मुदतीत वैधता दिली नाही तर प्रवर्गातून मिळालेला प्रवेश जातो, आणि तोवर खुल्या जागांची फेरीही निघून गेलेली असते. कुणबी नोंद सापडल्यामुळे ज्यांच्याकडे ओबीसी आणि एसईबीसी असे दोन्ही पर्याय आहेत, त्यांनी एकच प्रवर्ग निवडायचा आहे. ज्याची वैधता हातात आहे किंवा लवकर मिळणार आहे तो निवडावा, कागदावर कोणत्या प्रवर्गाचा कटऑफ खाली दिसतो यावर नाही.

कागद अपलोड केल्यावर तपासणी होते, ऑनलाइन ई-स्क्रुटिनीने किंवा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. ज्यांच्या कागदांत नावाचा फरक, आडनावाचा बदल किंवा पुनर्मूल्यांकनाचे गुण आहेत त्यांनी प्रत्यक्ष केंद्र निवडावे. समोर बसून शंका मिटते. ऑनलाइनमध्ये अर्ज त्रुटीसाठी परत पाठवला जातो आणि तो संदेश वाचलाच गेला नाही म्हणून अर्ज तसाच पडून राहतो. तपासणी सुरू असेपर्यंत रोज एकदा लॉगिन करा.

मग कच्ची गुणवत्ता यादी लागते. बहुतेक जण तिच्यात फक्त क्रमांक पाहतात. पाहायचे आहे ते बाकीचे: उमेदवारीचा प्रकार, स्वगृह विद्यापीठ, प्रवर्ग, लिंग, बारावीचे गुण, उत्पन्नाशी निगडित दावे. कागद अपुरा असल्याने तपासणीत प्रवर्ग 'ओपन' करून टाकलेला असू शकतो. यादीनंतर हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात आणि दुरुस्ती लॉगिनमधूनच मागावी लागते. अंतिम यादी लागल्यानंतर हे तपशील बदलत नाहीत. ज्या मुलीचे स्वगृह विद्यापीठ चुकून दुसरेच नोंदले गेले, तिचे चारही फेऱ्यांतले वाटप चुकीच्या रकान्यात होत राहील आणि संगणकाला त्यात काहीच वावगे दिसणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सीओईपी वर लिहिल्याने खालचे कॉलेज जात नाही. वाटप असे होते: मेरिट नंबरच्या क्रमाने एकेक उमेदवार घेतला जातो, त्याचा पहिला पर्याय पाहिला जातो, तिथे त्याच्या हक्काची जागा शिल्लक नसेल तर दुसरा, मग तिसरा. तिचा विचार सुरू होईल तेव्हा तिच्या मागच्या मुलांना काहीच मिळालेले नसते, त्यामुळे वरचे पाच पर्याय फुकट गेले तरी सहाव्या पर्यायावरचा तिचा हक्क जसाच्या तसा राहतो. म्हणून क्रम एकाच निकषावर लावायचा: दोन्ही मिळाले तर मी कुठे जाईन? जिथे जाईन, ते वर. मिळण्याची शक्यता हा क्रमाचा निकष नाही. यादीत काय-काय असावे, याचा तो निकष आहे.

हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचे झाले आहे. २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि आपोआप गोठवण्याचा, म्हणजे मिळालेली जागा बंधनकारक होण्याचा, नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तर तो बांधील, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते. अशी जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून उमेदवार बाहेर. 'सेफ्टी म्हणून' एखादे सहज मिळणारे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिणारी मुले पहिल्याच फेरीत तिथे अडकतात. पहिल्या सहा जागा फक्त अशा पर्यायांना द्या, जिथे प्रवेश मिळाला तर घरात कोणीही खट्टू होणार नाही. दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत हा भाग स्वतः वाचून घ्या, कारण फेऱ्यांचे नियम बदलत आले आहेत.

फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. एवढे लागत नाहीत, पण दहा-बारा भरून थांबणे धोक्याचे. समजा तिचा मेरिट नंबर २४,००० च्या आसपास आला. तिच्या रकान्यांत गेल्या वर्षी १५,००० ते २२,००० वर बंद झालेले पंधरा-वीस पर्याय, २२,००० ते २८,००० वाले वीस, आणि २८,००० ते ४५,००० वाले पंधरा-वीस, शिवाय मनापासून हवे असलेले दोन-चार अवघड पर्याय, अशी यादी गोळा करा आणि मग सगळी मिळून पसंतीच्या क्रमाने लावा. मधल्या पट्ट्यातच बहुधा वाटप होते, म्हणून तिथल्या क्रमावर सर्वांत जास्त वेळ द्या. नको असलेली शाखा किंवा परवडणार नाही असे गाव यादीत नसलेलेच बरे. चौथ्या फेरीत ते मिळाले तर तेच गळ्यात पडते. कॉलेज की शाखा या वादात माझे मत असे, की मुलीला एखाद्या शाखेची मनापासून नावड असेल तर नावाजलेल्या कॉलेजसाठीही ती लिहू नये. नावड नसेल, तर चांगल्या प्रयोगशाळा आणि पूर्ण भरलेला अध्यापकवर्ग असलेले जुने शासकीय कॉलेज, शाखा थोडी कमी मागणीची असली तरी, वर ठेवावे.

फॉर्म नुसता सेव्ह करून चालत नाही, कन्फर्म करावा लागतो. कन्फर्म न केलेला फॉर्म वाटपात धरला जात नाही, आणि ही चूक सायबर कॅफेत बसून शेवटच्या रात्री फॉर्म भरणाऱ्यांची हमखास होते. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका, 'काउन्सेलर'लाही नाही. काही मध्यस्थ एखाद्या खासगी कॉलेजकडून दलाली घेऊन मुलांच्या फॉर्ममध्ये त्याच कॉलेजच्या शाखा वर सरकवतात. आपोआप गोठवण्याच्या नियमामुळे हे नुकसान आता दुरुस्त होत नाही. कन्फर्म केलेल्या फॉर्मची प्रत छापून घरात ठेवा आणि क्रम मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.

जागा मिळाल्यावर लॉगिनमधून वाटपाची स्वतः पडताळणी करायची: ज्या प्रवर्गातून, ज्या हक्कावर जागा मिळाली, त्याचे कागद खरोखर आहेत ना. मग आसन स्वीकृती शुल्क भरून एक तर जागा फ्रीझ, म्हणजे पक्की करायची किंवा बेटरमेंट, म्हणजे वरच्या पर्यायाची वाट पाहणे निवडायचे. बेटरमेंटमध्ये हातातली जागा राहते. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर ती आपोआप सुटते आणि मग मागे जाता येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीआधी आपल्या जागेच्या वर काय-काय आहे ते पुन्हा पाहा. मुदतीत स्वीकृती झाली नाही तर जागा जाते. शुल्क शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरायला बसू नका, बँकेचा व्यवहार लटकला की सिद्ध करायला वेळ उरत नाही.

शुल्काच्या बाबतीत तुमच्या मुलीची स्थिती चांगली आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. एखाद्या खासगी विद्यापीठाने 'तुमच्या मार्कांवर स्कॉलरशिप' म्हणून लवकर पैसे भरायला सांगितले तर आधी हा हिशेब मांडा. वसतिगृह, खानावळ आणि इतर शुल्क मात्र तुमचेच.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्क्यांपर्यंतच्या अधिसंख्य (मंजूर जागांव्यतिरिक्तच्या) जागा, यांचा ऑप्शन कोड वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो. आपोआप मिळत नाही. त्यांचा कटऑफ बहुधा त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षाही वर असतो. तुमच्या मुलीला शुल्कमाफी प्रवर्गातूनच मिळत असल्याने त्या कोडवर वरचे क्रमांक खर्ची घालण्याचे कारण नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाने मात्र प्रत्येक आवडत्या शाखेचा टीएफडब्ल्यूएस कोड आधी आणि साधा कोड लगेच त्याच्या खाली, असा क्रम लावावा.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी करा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत आणि नमुना तपासा. संपत आली असेल तर उद्याच सेतू केंद्रात अर्ज टाका, निकालानंतर तिथे गर्दी होते. जात वैधतेचा निर्णय आला नसेल तर अर्ज क्रमांक घेऊन समितीच्या कार्यालयात जा आणि त्रुटीपत्र निघाले आहे का ते विचारा, कारण ती पत्रे अनेकदा कॉलेजच्या पत्त्यावर जाऊन पडतात. आणि गेल्या दोन वर्षांच्या पहिल्या व शेवटच्या फेरीच्या कटऑफ पीडीएफ उतरवून मुलीला वहीत चार रकाने आखून द्या: लातूर-नांदेडसाठी एच, पुणे-संभाजीनगरच्या खासगी कॉलेजांसाठी ओ, राज्यस्तरीय संस्थांसाठी एस, आणि चौथ्यात तिची स्वतःची पसंती. पहिले तीन रकाने तुम्ही मिळून भरा. चौथा तिला एकटीला भरू द्या.